खातं हलवा, 175 पौंड घ्या: आमच्या घरच्या ग्रुपवर झालेली चर्चा

सोनू: एका बँकेची ऑफर आलीये. करंट अकाउंट, म्हणजे आपलं रोजच्या वापराचं पगाराचं खातं, तिच्याकडे हलवलं की 175 पौंड रोख. पिंकीनेही हलवलं तर 350. डिसेंबरच्या तिकिटाला तेवढाच हातभार. कोणी केलंय का?

दाजी: केलंय का म्हणजे! या विषयात मी डॉक्टरेट घेऊन बसलोय. कर बिनधास्त.

ताई: यांचं ऐकू नकोस. आधी सांग, मॉर्गेजचा, म्हणजे घराच्या कर्जाचा, अर्ज कधी करताय?

सोनू: घरासाठी आधी भरायचं डिपॉझिट जमत आलंय. दोन-तीन महिन्यांत करू.

ताई: मग आत्ता नाही.

आत्या: अगं, पण बँक बदलायला पैसे देतातच कशाला? काहीतरी काळंबेरं असणार. मी या देशात आल्यापासून एकच बँक धरून आहे.

दाजी: आणि त्या निष्ठेचं बँकेने काय दिलं आत्या?

आत्या: वाढदिवसाला ईमेल येतो न चुकता.

आबा: आम्ही नोकरीत होतो तेव्हा कोणी खातं बंद करायला आला की मॅनेजर त्याला चहा पाजून परत पाठवायचे. तुमच्याकडे उलटीच गंगा दिसते. हे एवढं सोपं आहे का?

दाजी: सोपंच आहे आबा. ब्रिटनमध्ये सप्टेंबर 2013 पासून करंट अकाउंट स्विच सर्व्हिस आहे. फक्त नव्या बँकेला सांगायचं. सात कामकाजाच्या दिवसांत जुनं खातं बंद होतं आणि शिल्लक, डायरेक्ट डेबिट (बिलवाले परस्पर कापून घेतात ते), स्टँडिंग ऑर्डर (आपण ठरवून दिलेली नेहमीची रक्कम) सगळं नव्या खात्यात येतं. कोणी जुन्या नंबरावर पैसे पाठवले तरी ते निदान तीन वर्षं आपोआप इकडे वळतात. त्यांच्या चुकीने काही दंड किंवा व्याज लागलं तर बँकच भरून देते.

आत्या: सगळं येत नाही हं. आमच्या शेजारणीचा मोबाइल बंद पडला होता.

दाजी: कारण तिने ते पैसे डेबिट कार्डाचा नंबर देऊन लावले असणार. कार्डावरून दर महिन्याला कापली जाणारी वर्गणी या सर्व्हिसमध्ये धरत नाहीत. नवं कार्ड आलं की ज्याच्या-त्याच्याकडे आपणच नंबर बदलायचा.

पिंकी: ताई, पण क्रेडिट स्कोअरचं नक्की काय होतं? ऑफिसात एक म्हणते स्कोअर पडतो, दुसरी म्हणते काहीच होत नाही. दोघीही छातीठोकपणे सांगतात 😄

ताई: दोघींचंही थोडंथोडं बरोबर आहे. नवं खातं उघडताना बँक तुझी क्रेडिट फाइल, म्हणजे तुझी खाती, कर्जं आणि परतफेड यांची नोंद, बघते. बघण्याचे दोन प्रकार आहेत, सॉफ्ट सर्च आणि हार्ड सर्च. सॉफ्ट फक्त तुला दिसतो. हार्ड पुढच्या कर्ज देणाऱ्यालाही दिसतो, साधारण वर्षभर, काही ठिकाणी दोन वर्षं. काही बँका सॉफ्टवर भागवतात, पण बऱ्याच जणी ओव्हरड्राफ्ट (शिल्लक नसतानाही पैसे काढायची सोय) मागितला नाही तरी हार्ड सर्च करतात. अर्ज करायच्या आधी अटींमध्ये ते वाचायचं, किंवा चॅटवर सरळ विचारायचं.

एका हार्ड सर्चने आभाळ कोसळत नाही. स्कोअर थोडा खाली येतो आणि काही महिन्यांत वर येतो. थोड्या दिवसांत चार-पाच झाले की मात्र बघणाऱ्याला वाटतं, या माणसाला पैशांची इतकी निकड का? त्याला तुझ्या 175 पौंडांची गोष्ट माहीत नसते. त्याला दिसतात फक्त तारखा आणि अर्ज.

सोनू: पण माझ्या ॲपमध्ये स्कोअर हिरवा आहे, एकदम वरच्या पट्टीत.

ताई: तो स्कोअर बँक बघतच नाही रे. या फाइली ठेवणाऱ्या तीन एजन्सी आहेत, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि ट्रान्सयुनियन. तिघांची मोजपट्टी वेगळी. सगळ्यांचा वरचा आकडाही सारखा नाही. मॉर्गेज देणारा फाइलमधली माहिती घेतो आणि त्याच्या स्वतःच्या हिशोबाने ठरवतो. ॲपमधला आकडा तुझ्या समाधानासाठी.

आबा: सोनूचं इथलं, भारतातलं सिबिल चांगलं होतं. ते चालत नाही का?

ताई: नाही आबा. इकडे आल्यावर पाटी कोरी. म्हणून तर मी अडवतेय. दाजींची फाइल वीस वर्षांची आहे, तिच्यात एखादी नोंद वाढली तर कोणी ढुंकून बघत नाही. सोनूची दोन-अडीच वर्षांची. त्यातलं सगळ्यात जुनं खातं बंद करून कोरं करकरीत उघडलं की खात्यांचं सरासरी वय एकदम खाली. जुन्या खात्याची नोंद सहा वर्षं राहते, पण बंद म्हणून. सोनू, त्या खात्यावर ओव्हरड्राफ्ट आहे ना?

सोनू: 500 चा आहे, पण कधी वापरला नाही.

ताई: म्हणजे चांगली वागणूक आहे ती. नवी बँक तेवढा देईलच असं नाही.

दाजी: बरं, आता मला बोलू द्या. मीही सोनूला आत्ता कर म्हणणार नाही. पण यामुळे क्रेडिट बरबाद होतं ही अफवा आहे. मी वर्षाला एखादं खातं हलवतो आणि दोन वर्षांपूर्वी रीमॉर्गेज, म्हणजे घराचं कर्ज नव्याने घेणं, विनातक्रार झालं. फक्त अटी नीट वाचा. साधारण ठरावीक मुदतीत 1,000-1,500 पौंड आत यायला हवेत आणि दोन डायरेक्ट डेबिट चालू हवेत. पूर्वी त्यांचाच बोनस घेतला असेल तर बहुतेक नाहीच मिळत. आणि ऑफर न सांगता बंद होते, हे लक्षात ठेवा.

आबा: त्या 175 वर टॅक्स लागतो का?

दाजी: ते व्याज नव्हे, म्हणून एकरकमी बोनसवर सहसा नाही.

ताई: सोनू, एक वेगळंच विचारते. जुन्या फ्लॅटमध्ये भाड्या-बिलांसाठी रूममेटबरोबर जॉइंट खातं काढलं होतंस ना?

सोनू: हो, ते कधीच बंद झालं. का?

ताई: खातं बंद झालं, पण फाइलमधली जोडणी तुटली का? जॉइंट खातं काढलं की दोघांची आर्थिक जोडणी नोंदली जाते. तुझा अर्ज तपासताना बँक त्याचीही फाइल बघू शकते. त्याने क्रेडिट कार्डाचे हप्ते थकवले असतील तर ते तुझ्या अर्जाच्या आड येणार. बोनसच्या हार्ड सर्चपेक्षा हे कितीतरी महाग पडेल.

पिंकी: अरे देवा. तो तर दोन वेळा नोकरी सोडून बसला होता.

सोनू: 😐

ताई: घाबरण्यासारखं नाही. तिन्ही एजन्सींचा रिपोर्ट कायद्याने फुकट मिळतो, पैसे मागणाऱ्या वर्गणीच्या पानावर जाऊ नका. त्याचं नाव दिसलं तर जोडणी काढायचा अर्ज करायचा. तिघांकडे वेगवेगळा. आता काही सामायिक उरलं नाही हे दाखवलं की काढतात. आजच बघ. आणि पिंकी, मॉर्गेज दोघांच्या नावावर घेणार असाल तर तुझी फाइलही तपासतील, तेव्हा “माझं तेवढं हलवते” हेही नको.

पिंकी: ओळखलंत तुम्ही 🙈 तेच लिहीत होते.

आत्या: मतदार यादीत नाव घातलंय का दोघांनी? फाइलला त्याचा फार उपयोग होतो म्हणतात.

सोनू: आम्ही भारतीय नागरिक आहोत ना आत्या.

आत्या: म्हणून काय झालं! भारत कॉमनवेल्थमध्ये आहे. इथे रीतसर व्हिसावर राहणाऱ्या भारतीयाला मतदार म्हणून नाव नोंदवता येतं. मी पासपोर्ट बदलायच्या आधीपासून मत देत होते.

आबा: हे मला नवीनच कळलं.

ताई: आत्या शंभर टक्के बरोबर. नाव-पत्ता पडताळायला बँका मतदार यादी बघतात. आणि पत्ता सगळीकडे एकाच पद्धतीने लिहा. एकीकडे फ्लॅट 3 आणि दुसरीकडे नुसता इमारतीचा नंबर, असं नको.

दाजी: अजून एक. खातं हलवायच्या आधी जुनी स्टेटमेंटं पीडीएफमध्ये उतरवून ठेवायची. खातं बंद झालं की बऱ्याचदा ॲपही बंद. मॉर्गेजवाले तीन महिन्यांची मागतात. आणि सोनूसारख्या व्हिसावाल्यांना तर होम ऑफिसलाही (व्हिसा बघणारं सरकारी खातं) बँकेचे कागद दाखवायला लागतात, तेव्हा पगार जमा झाल्याचं स्टेटमेंट शोधत बसायची पाळी नको.

सोनू: म्हणजे घराची चावी हातात आली की मग?

ताई: हो. मॉर्गेज मंजूर झालं म्हणून लगेच नाही. व्यवहार पूर्ण व्हायच्या आधी काही बँका पुन्हा एकदा फाइल बघतात. त्या मधल्या काळात सोफासुद्धा हप्त्यावर घ्यायचा नाही.

पिंकी: सोफा तर मी कार्टमध्ये टाकून ठेवलाय 😭

ताई: कार्टमध्ये राहू दे. पैसे भरू नकोस.

दाजी: आमच्या मॉर्गेजचा व्याजदर 2028 पर्यंत फिक्स आहे, तोवर नवा अर्ज नाही. सोनू, ती लिंक तूर्त मला पाठव, 175 वाया कशाला घालवायचे.

आत्या: जावईबापू, मलाही पाठवा. मॉर्गेज फिटलंय माझं. फक्त मुदत ठेवीला काही होणार नाही ना?

दाजी: हलतं ते फक्त करंट अकाउंट. पण तुमची ठेव त्याच बँकेत असेल तर व्याज कुठे जमा होतं ते आधी बघा. रात्री फोन करतो, वाचून दाखवा.

सोनू: इक्विफॅक्सचा रिपोर्ट उघडला. रूममेटचं नाव आहे त्यात.

ताई: फोन उचल.