लहरींचा ‘शोध लागला’ की ‘चाहूल लागली’?

प्रश्न

आमच्या वाचनालयाच्या भित्तिपत्रकासाठी खगोलशास्त्रातल्या अलीकडच्या संशोधनावर टिपण लिहिते आहे आणि एका शब्दापाशी अडले आहे. ‘गुरुत्वीय लहरींचा शोध लागला’ असं फेब्रुवारी २०१६ मध्ये वाचलं होतं. मग जून २०२३ मध्ये पुन्हा गुरुत्वीय लहरींच्या शोधाच्या बातम्या आल्या आणि त्यात पुण्याजवळच्या खोडदच्या रेडिओ दुर्बिणीचा उल्लेख होता. एकाच गोष्टीचा शोध दोनदा कसा लागेल? की इथे ‘शोध’ शब्दच चुकतोय?

उत्तर

तुमची शंका रास्त आहे. गोष्टी दोन आहेत आणि दोन्हींना एकच शब्द लावल्यामुळे घोळ झाला आहे.

आधी शब्द पाहू. शोध घेतला, शोध लावला, शोध लागला. मराठीत या शब्दाचा अर्थ क्रियापद ठरवतं. मथळ्यात जागा कमी म्हणून क्रियापद गळतं. ‘फरारी आरोपीचा शोध’ म्हणजे आरोपी अजून हाती लागलेला नाही, पण ‘पेनिसिलिनचा शोध’ म्हणजे ते सापडलेलं आहे. ‘लहरींचा शोध’ या मथळ्यातून वाचकाने काय समजायचं?

आता विज्ञान. गुरुत्वीय लहरी म्हणजे जड वस्तूंच्या हालचालींमुळे अवकाशातच उठणारे तरंग. त्या टिपण्यासाठी उभारलेल्या अमेरिकेतल्या लायगो प्रकल्पाच्या दोन्ही वेधशाळांनी १४ सप्टेंबर २०१५ रोजी एक थरथर नोंदवली. सूर्याच्या साधारण ३६ आणि २९ पट वस्तुमानाची दोन कृष्णविवरं एकमेकांत विलीन झाली होती. सगळा प्रकार सेकंदाच्या एका लहानशा अंशात आटोपला. एक ठरावीक घटना, तिची वेळ माहीत, दोन दूरच्या ठिकाणी एकसारखी नोंद. इथे ‘शोध लागला’ हेच बरोबर आहे, किंवा आणखी नेमकं म्हणायचं तर ‘प्रत्यक्ष वेध घेतला’.

२०२३ ची गोष्ट फार संथ लहरींची. त्यांचं एक आंदोलन पूर्ण व्हायला काही वर्षं, कधी दशकंही लागतात. लायगोच्या उपकरणाच्या चार किलोमीटर लांबीच्या भुजांना त्या जाणवूच शकत नाहीत. म्हणून खगोलशास्त्रज्ञांनी आकाशगंगेत विखुरलेले पल्सार घड्याळं म्हणून वापरले. सेकंदाला शेकडो गिरक्या घेणाऱ्या या ताऱ्यांचे रेडिओ स्पंद कमालीच्या नियमितपणे पोहोचतात. मधल्या अवकाशातून संथ लहर गेली तर स्पंद किंचित लवकर किंवा उशिरा येतात. फरक सेकंदाच्या कोट्यंशातला असतो आणि तो वर्षानुवर्षं मोजत राहावं लागतं.

एकट्या पल्सारचा फरक काहीच सिद्ध करत नाही. घड्याळातला दोष असेल, पृथ्वीच्या गतीचा हिशेब चुकला असेल. पण पल्सारांच्या जोड्या घेतल्या, तर आकाशातल्या त्यांच्यामधल्या कोनानुसार या फरकांची जुळणी एका ठरावीक वक्राप्रमाणे बदलायला हवी. हेलिंग्ज आणि डाउन्स यांनी हे १९८३ मध्ये मांडलं. तो वक्र २०२३ मध्ये निरीक्षणांतून डोकावू लागला. युरोप आणि भारताच्या गटांनी मिळून २५ पल्सारांचं विश्लेषण केलं. अशी जुळणी निव्वळ योगायोगाने दिसण्याची शक्यता त्यात हजारात एकच्या आसपास निघाली. अमेरिका, ऑस्ट्रेलिया आणि चीनच्या गटांनीही त्याच वेळी आपापले निष्कर्ष मांडले.

हजारात एक ऐकायला भक्कम वाटतं. पण या क्षेत्रात ‘शोध लागला’ म्हणण्यासाठी ती शक्यता साधारण पस्तीस लाखांत एक इतकी खाली यावी, असा दंडक आहे. म्हणून या गटांनी स्वतः ‘पुरावा’ हाच शब्द वापरला. त्यांनी जो संयम पाळला, तो आपण अनुवादात मोडू नये असं मला मनापासून वाटतं. माझी सूचना: २०१६ साठी ‘शोध लागला’, २०२३ साठी ‘चाहूल लागली’.

हरकत

‘चाहूल’ वैज्ञानिक लेखनात कशी चालेल? तो कथाकवितांतला शब्द. शिवाय चाहूल म्हणजे भासच ना? ‘पुरावा’ आहे तेवढा पुरे.

उत्तर

नाही, दादा, भास वेगळा. भास झाला म्हणजे तिथे काही नव्हतं. चाहूल लागते ती खऱ्या गोष्टीची, जी अजून नजरेला पडलेली नाही. ‘थंडीची चाहूल लागली’ म्हणताना थंडी कल्पनेतली आहे असं कुणी समजत नाही. इथली अवस्थाही अशीच आहे. लहरींची खूण दिसते, पण त्या नेमक्या कोणाच्या हे दाखवता येत नाही. दीर्घिका विलीन झाल्यावर त्यांच्या केंद्रातली महाकाय कृष्णविवरं एकमेकांभोवती फिरू लागतात. अशा असंख्य जोड्यांच्या लहरी एकत्र मिसळल्या असाव्यात, हा सर्वांत पटणारा अंदाज. विश्वाच्या आरंभकाळाशी जोडलेले इतरही पर्याय अजून बाद झालेले नाहीत.

‘पुरावा’ला माझा विरोध नाही, मजकुरात तो जरूर असावा. फक्त मराठी कानाला पुरावा म्हटलं की कोर्ट आठवतं आणि निकाल लागल्यासारखा वाटतो. शिवाय गुरुत्वीय लहरींच्या बाबतीत ‘अप्रत्यक्ष पुरावा’ हे शब्द आधीच दुसऱ्या कामासाठी रूढ आहेत. हल्स आणि टेलर या खगोलशास्त्रज्ञांना १९७४ मध्ये सापडलेल्या जोडपल्सारची, म्हणजे जोडीदार ताऱ्याभोवती फिरणाऱ्या पल्सारची, कक्षा लहान होत गेली, लहरींतून ऊर्जा गेल्यावर आईन्स्टाईनच्या सिद्धांतानुसार जितकी व्हायला हवी तितकीच. ‘अप्रत्यक्ष पुरावा’ म्हणतात तो हा. १९९३ चं नोबेल त्या पल्सारच्या शोधासाठी होतं.

आणखी एक शंका

विषय निघालाच आहे तर, ‘पल्सार’ला ‘स्पंदक’ का म्हणत नाही तुम्ही?

उत्तर

म्हणायला हरकत नाही, शब्द रूढ आहे. मला खटकतं ते इतकंच की ‘स्पंदन’ म्हटल्यावर तारा फुगतो-आकसतो असं चित्र उभं राहतं. तसे तारे खरोखर आहेत, सेफीड जातीचे रूपविकारी तारे. पल्सार फुगत नाही, तो फिरतो, आणि त्याचा झोत दर फेरीला आपल्यावरून जातो. १९८२ मध्ये सापडलेला पहिला मिलिसेकंद पल्सार सेकंदाला ६४२ वेळा फिरतो. तो शोधणाऱ्या गटात आपल्या कुरुंदवाडला जन्मलेले श्रीनिवास कुलकर्णी होते. नवख्या वाचकासाठी लिहिताना मी ‘पल्सार’ ठेवते आणि पहिल्याच वाक्यात तो फिरतो हे सांगते.

‘गुरुत्वाकर्षण लहरी’ मात्र टाळा. समुद्रात आणि वातावरणात गुरुत्वामुळे उठणाऱ्या लहरींचा वेगळा विषय आहे, तिथे गोंधळ होतो. ‘गुरुत्वीय लहरी’ बरं.

मूळ प्रश्नकर्ती

फार मदत झाली. मग असं लिहू का? ‘अतिशय संथ गुरुत्वीय लहरींची चाहूल शास्त्रज्ञांना जून २०२३ मध्ये लागली. त्यांच्या गुणगुणीचा पुरावा देणाऱ्या निरीक्षणांत पुण्याजवळच्या दुर्बिणीनेही भाग घेतला.’

उत्तर

पहिलं वाक्य उत्तम. दुसऱ्यात दोन बदल सुचवते. ‘गुणगुण’ काढा. एक तर या लहरी म्हणजे आवाज नाही, आणि गुणगुणणारा एकच असतो, इथे बहुधा लाखो स्रोत मिसळले आहेत. ‘एकत्रित लहरी’ पुरेसं आहे. आणि दुर्बिणीने नुसता भाग घेतला नाही, तिचं काम वेगळं होतं, तेवढं सांगाच: पल्सारकडून येणारे रेडिओ स्पंद वाटेतल्या इलेक्ट्रॉनांमुळे रेंगाळतात, कमी वारंप्रतेचे जास्त. ही दिरंगाई वजा केल्याशिवाय लहरींमुळे पडलेला फरक कळत नाही. नारायणगावजवळच्या खोडदची, ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची जीएमआरटी याच कमी वारंप्रतांत निरीक्षण करते, म्हणून ती दिरंगाई नेमकी मोजता येते.