स्पीकईझी, फ्लॅपर आणि स्कॉफलॉ: जॅझ युगातील तीन शब्दांना मराठीत काय म्हणावे?

विचारणा

१९२० च्या दशकातील न्यूयॉर्कच्या सामाजिक जीवनावरील एका दीर्घ लेखाचा अनुवाद मी सध्या करीत आहे. त्यात ‘स्पीकईझी’ हा शब्द पानोपानी येतो. दारूबंदीच्या काळात जिथे चोरून दारू मिळत असे, ती ही जागा. पहिल्या खर्ड्यात मी सर्वत्र ‘गुत्ता’ असे लिहिले होते. मात्र लेखातील स्पीकईझीत पियानो वाजतो आहे, रेशमी पोशाखातील स्त्रिया पुरुषांच्या बरोबरीने बसल्या आहेत, आणि त्या दृश्यावर ‘गुत्ता’ हा शब्द काही केल्या बसत नाही. याच लेखात ‘फ्लॅपर’ आणि ‘स्कॉफलॉ’ हेही शब्द आहेत. त्यांसाठी मी अनुक्रमे ‘फटाकडी’ आणि ‘कायदेभंग करणारा’ असे योजले आहे. जाणकारांनी मत द्यावे.

पहिले उत्तर

‘गुत्ता’ बसत नाही, हे आपल्या कानाने बरोबर हेरले आहे; पण त्याचे कारण पियानो किंवा रेशीम नव्हे. गुत्ता म्हणजे मुळात मक्ता. सरकारात ठरलेली रक्कम भरून एखाद्या व्यवहाराचा हक्क घेणे, हा त्याचा मूळ अर्थ, आणि मराठवाड्यात आजही कंत्राटदाराला ‘गुत्तेदार’ म्हणतात, त्यात दारूचा वासही नसतो. दारूविक्रीचा गुत्ता घेतलेले दुकान तो दारूचा गुत्ता, आणि पुढे नुसताच गुत्ता. तेव्हा गुत्ता कितीही कळकट असला, तरी त्याच्या मुळाशी सरकारी परवानगी आहे. स्पीकईझीची सारी ओळखच अशी की तिला परवानगी नाही. एका शब्दाच्या जागी आपण त्याच्या नेमका विरुद्धार्थी शब्द ठेवला आहे.

शब्दाची फोड करताना आणखी एक सावधगिरी हवी. यातील ‘ईझी’चा अर्थ ‘सोपे’ असा नसून ‘हळू’, ‘आस्ते’ असा आहे. आत जे चालले आहे त्याचा बोभाटा होऊ नये म्हणून आस्ते बोला, असा तो इशारा आहे. हा शब्द देशव्यापी दारूबंदीतून जन्मला असे सर्रास समजले जाते, पण तो तिच्यापेक्षा तीसएक वर्षांनी जुना आहे. १८८० च्या दशकाच्या अखेरीस पेनसिल्व्हेनिया राज्यात दारूविक्रीच्या परवान्याचे शुल्क प्रचंड वाढले, अनेक लहान दुकानदारांनी परवाना न घेताच धंदा चालू ठेवला, आणि पिट्सबर्गच्या आसपास अशा दुकानांना हे नाव पडले. मॅकीझपोर्ट गावातील केट हेस्टर नावाची दुकानदारीण गलका करणाऱ्या गिऱ्हाइकांना ‘आस्ते बोला, पोरांनो’ असे दटावीत असे व त्यातून शब्द निघाला, अशी एक कहाणी सांगतात. कहाणी गोड आहे, पण चोरट्या मालाच्या घराला ‘हळू बोलण्याचे दुकान’ म्हणण्याची रीत इंग्लंडमध्ये १८२३ च्या सुमारासच नोंदलेली असल्यामुळे तिच्यावर फार भार टाकू नये.

हा शब्द घराघरांत पोचला तो मात्र दारूबंदीमुळेच. अमेरिकी राज्यघटनेची अठरावी दुरुस्ती १७ जानेवारी १९२० पासून अमलात आली आणि एकविसाव्या दुरुस्तीने ५ डिसेंबर १९३३ रोजी ती रद्द झाली. अनुवादात ‘दारूबंदी’ हा शब्द योग्यच आहे. परंतु मराठी वाचकाच्या मनात त्या शब्दामागे १९४९ चा मुंबई दारूबंदी अधिनियम उभा राहतो, ज्यात परवान्याशिवाय दारू पिणे हादेखील गुन्हा आहे, हे लक्षात ठेवावे. अमेरिकेतील कायद्याने मद्य बनवणे, विकणे आणि त्याची वाहतूक करणे यांना मनाई केली होती, पिण्याला नव्हे. बंदीपूर्वी विकत घेऊन घरात साठवलेली दारू सधन माणूस राजरोस पीत असे, डॉक्टरच्या चिठ्ठीवर औषधी व्हिस्की मिळत असे, आणि धर्मविधींसाठी वाइनला सूट होती. म्हणून स्पीकईझीवर धाड पडली की खरी धावपळ मालकाची होई. न्यूयॉर्कच्या ५२ व्या रस्त्यावरील ‘ट्वेंटी वन’ या प्रसिद्ध ठिकाणी तर इशारा मिळताच फळ्या कलंडून बाटल्या थेट खालच्या पोकळीत पडाव्यात, अशी यंत्रणा बसवलेली होती. बाटली फुटली की पुरावा संपला.

आपल्या लेखात स्पीकईझीच्या आधीच्या काळातील ‘सलून’चाही उल्लेख असणार. तो शब्द जसाच्या तसा ठेवल्यास मराठी वाचक केस कापायला जाऊन बसेल. तिथे ‘दारूचे दुकान’ किंवा ‘पानगृह’ लिहावे. सलून हा प्रामुख्याने पुरुषांचा अड्डा होता, तेथे गेलेल्या बाईकडे वाकड्या नजरेने पाहिले जाई. कायद्याने सलून बंद केले, आणि त्याच्या जागी उगवलेल्या स्पीकईझीत स्त्री-पुरुष एकत्र बसू लागले. न्यूयॉर्कमधील सर्वांत गाजलेली यजमानीण टेक्सस गिनन ही स्त्रीच होती, आणि ती येणाऱ्या धनिकांचे स्वागत ‘काय रे भोटांनो’ अशा थाटात करीत असे. आपल्याला ‘गुत्ता’ खटकला, त्यामागे हा फरकही असावा.

दुसरे उत्तर

वरील उत्तराशी मी सहमत आहे, पण मुंबईकराला एक शब्द सुचल्यावाचून राहत नाही, आणि तो म्हणजे ‘आंटीचा अड्डा’. मुंबईतील दारूबंदीच्या काळात धोबीतलाव, माहीम, वांद्रे अशा भागांत कोणा ख्रिस्ती बाईच्या राहत्या घरात, मागच्या दाराने, ओळखीच्या माणसाला घरगुती दारू मिळत असे. बेकायदा, घरगुती, ओळखीवर चालणारी आणि बहुधा बाईने चालवलेली, या चारही खुणा जुळतात. मग हा आयता शब्द का सोडावा?

पहिल्या उत्तरकर्त्याचे प्रत्युत्तर

खुणा जुळतात, पण पत्ता बदलतो. ‘आंटीचा अड्डा’ वाचताच वाचक मॅनहॅटनमधून उठून माहीमला येईल, आणि अनुवादाला ते परवडणारे नाही. शिवाय ‘आंटी’ या शब्दात एका समाजाकडे पाहण्याची मुंबईची एक विशिष्ट, पूर्णपणे निर्मळ नसलेली दृष्टी मिसळलेली आहे. तळटीपेत तुलना म्हणून तो जरूर यावा. तिथेच ‘परमिट रूम’चाही उल्लेख करता येईल, कारण एखादा कायदा भाषेत कसा मागे उरतो, याचे ते आपले उदाहरण आहे. बंदी सैल झाली, आणि ज्या खोलीत परवानाधारकाने बसून प्यायचे, तिच्या नावाची पाटी गावोगावच्या हॉटेलांवर कायम राहिली.

स्पीकईझी हा एकच एक प्रकार नव्हता, हेही अनुवादकाने ध्यानात ठेवावे. खालच्या दर्जाच्या ठिकाणांना ‘आंधळे डुक्कर’ किंवा ‘आंधळा वाघ’ म्हणत. हे शब्दही बंदीपूर्वीचे आहेत. दारू विकायला मनाई असल्यामुळे गिऱ्हाइकाकडून एखादा विचित्र प्राणी दाखवण्याचे पैसे घ्यायचे आणि दारूचा पेला ‘फुकट’ द्यायचा, ही त्यामागची युक्ती. न्यूयॉर्कमधील हार्लेम या कृष्णवर्णीयांच्या वस्तीत भाडे थकलेला भाडेकरू आपल्याच घरी जलसा भरवी, दाराशी लहानसा प्रवेशआकार घेई, खाणे आणि चोरटी दारू विकी, आणि फॅट्स वॉलर किंवा जेम्स पी. जॉन्सन यांच्यासारखे पियानोवादक तिथे पहाटेपर्यंत वाजवीत. त्याला ‘भाडेजलसा’ म्हणावे, असे मला वाटते. त्याच हार्लेममधील कॉटन क्लबमध्ये १९२७ च्या डिसेंबरपासून ड्यूक एलिंग्टन यांचा वाद्यवृंद वाजवीत होता. वादक आणि नर्तिका कृष्णवर्णीय, मालक गोरा गुंड, आणि गिऱ्हाइकांत कृष्णवर्णीयांना सर्वसाधारणपणे मज्जाव. भाडेजलसा आणि कॉटन क्लब या दोहोंना मराठीत ‘अड्डा’ हा एकच शब्द लावला, तर हा सगळा भेद पुसला जाईल.

विचारणा करणारीचे टिपण

‘भाडेजलसा’ मी साभार घेते. ‘गुत्ता’ काढून टाकला आहे. आता ‘फटाकडी’चे काय?

तिसरे उत्तर

‘फटाकडी’ हा बघ्याचा शब्द आहे. ती कशी दिसते, एवढेच तो सांगतो, आणि तेही चावट स्वरात. ‘फ्लॅपर’लाही सुरुवातीला असा स्वर होता. इंग्लंडमध्ये हा शब्द आधी नुकत्याच पंख फडफडवू लागलेल्या बदकाच्या पिलासाठी होता, मग अल्लड वयाच्या मुलीसाठी आला, आणि अमेरिकेत १९२० च्या दशकात आखूड केस, गुडघ्यापर्यंत चढलेला झगा, ओठांत सिगारेट आणि रात्री चार्ल्सटन नाचायची तयारी असलेल्या तरुणीसाठी स्थिरावला. बकला न लावलेल्या बुटांच्या फडफडीवरून तो आला, ही व्युत्पत्ती मागाहून रचलेली आहे. मात्र या मुली नुसत्या नटव्या नव्हत्या. ऑगस्ट १९२० मध्ये एकोणिसाव्या दुरुस्तीने अमेरिकी स्त्रियांचा मताधिकार घटनेत नोंदला गेला होता, आणि यांतील अनेकजणी टंकलेखन, दूरध्वनी जोडणी किंवा दुकानातील नोकरी करून स्वतःच्या पैशाने सिनेमाला जात होत्या. ब्रिटनमध्ये १९२८ साली एकवीस वर्षांवरील सर्व स्त्रियांना मत मिळाले, तेव्हा विरोधकांनी त्याला ‘फ्लॅपरांचे मत’ म्हणून हिणवले. तिथे ‘फटाकड्यांचे मत’ असे लिहून पाहा; हिणवणे उरते, पण राजकारण नाहीसे होते.

मौजेची गोष्ट अशी की फ्लॅपर मराठीत आली नाही, पण तिचे केस आले. ‘बॉबकट’ हा शब्द आपण इतका आपलासा केला आहे की त्याचा त्या काळाशी असलेला संबंध कोणाच्या लक्षातही येत नाही. ‘ती बॉबकटवाली’ या जुन्या मराठी उद्गारात फ्लॅपरविषयीची सगळी नापसंती सापडते. अर्थात, ज्या समाजात बाईचे केस उतरवणे ही विधवेवरची सक्ती होती, तेथे स्वखुशीने केस कापून घेणाऱ्या मुलीकडे पाहून आजीच्या पोटात जे कालवले असेल, ते ओहायोतल्या आजीच्या रागाहून फार वेगळे असणार. म्हणून लेखात ‘फ्लॅपर’ तशीच ठेवावी आणि पहिल्या उल्लेखात तिचा बॉबकट दाखवावा. वाचक ओळखेल.

पहिल्या उत्तरकर्त्याची पुरवणी

राहिला ‘स्कॉफलॉ’, म्हणजे ‘स्कॉफ’ (टवाळी करणे) आणि ‘लॉ’ (कायदा) यांची जोड. या शब्दाची जन्मतारीखच उपलब्ध आहे. चोरटी दारू पिणाऱ्यांना लाज वाटेल असा एखादा शब्द सुचवा, म्हणून मॅसॅच्युसेट्समधील डेल्सेव्हेअर किंग या बंदीसमर्थक धनिकाने दोनशे डॉलरचे बक्षीस लावले. पंचवीस हजारांहून अधिक सूचना आल्या आणि जानेवारी १९२४ मध्ये हा शब्द निवडला गेला. दोघांनी तोच सुचवला होता, म्हणून बक्षीस विभागून दिले. लाज कोणालाच वाटली नाही. त्याच महिन्यात पॅरिसमधील एका अमेरिकी बारने ‘स्कॉफलॉ’ नावाचे कॉकटेल काढले.

त्यासाठी ‘कायदेभंग करणारा’ मुळीच नको. १९३० च्या सविनय कायदेभंगानंतर मराठीत त्या शब्दाला जी प्रतिष्ठा आली आहे, ती या बेवड्यांना बहाल करण्याचे कारण नाही. त्या चळवळीतील सत्याग्रही दारूच्या दुकानांपुढे पिकेटिंग करीत होते, आणि त्याच वर्षी न्यूयॉर्कमधले हे लोक दारूच्या दुकानाचे दार ठोठावीत होते. शब्दात कायद्याची टवाळी हवी, त्याग नको. ‘कायदेटवाळ’ असा शब्द मी सुचवतो. तो बनवलेला वाटेल हे मान्य आहे, पण मूळ शब्दही कारागिरीचाच आहे.

विचारणा करणारीचे टिपण

‘कायदेटवाळ’ स्वीकारला. ‘स्पीकईझी’ तशीच ठेवते आणि पहिल्या ठिकाणी ‘आस्ते बोला म्हणणारी चोरटी मद्यशाला’ असा खुलासा जोडते. आता शेवटची शंका लिंगाची आहे. पहिल्या उत्तरात आपण ‘तिला परवानगी नाही’ असे लिहिलेत. गुत्ता पुल्लिंगी, अड्डा पुल्लिंगी, बारही पुल्लिंगी. मग ही स्त्रीलिंगी कशी?

पहिल्या उत्तरकर्त्याचे प्रत्युत्तर

विचार करून लिहिले नव्हते, ईकारान्त शब्द म्हणून सवयीने आले. टॅक्सी, लॉरी, पार्टी यांच्या पंगतीत ती आपसूक बसली. अनेकवचन ‘स्पीकईझ्या’ होईल. प्रथम थोडे विचित्र वाटेल, पण ‘टॅक्स्या’देखील कधीकाळी विचित्रच वाटल्या असतील.