मदत हवी आहे: सी++ मधून पायथॉनला कॅमेऱ्याच्या फ्रेम्स कशा पाठवायच्या?

नमस्कार मंडळी,

माझा एक प्रोग्राम सी++ मध्ये आहे, तो कॅमेऱ्यातून फ्रेम्स (व्हिडिओतली एकेक चित्रं) घेतो. त्यांचं विश्लेषण पायथॉनमध्ये होतं. दोन्ही एकाच लिनक्स मशीनवर चालतात.

आधी पाइप (एका प्रोग्रामचं आउटपुट थेट दुसऱ्याला देणारी वाट) वापरून जेसन, म्हणजे मजकुराच्या रूपातला डेटा, पाठवत होतो. आउटपुट बराच वेळ यायचंच नाही, मग एकदम ढीगभर. टर्मिनलवर मात्र सगळं सुरळीत! पाइपमध्ये लिहिताना सी++ आउटपुट बफरमध्ये (तात्पुरत्या साठ्यात) साठवून ठेवतं, हे कळायला अख्खा दिवस गेला. फ्लश केल्यावर, म्हणजे साठलेलं लगेच पुढे ढकलल्यावर, सुटलं.

मग टीसीपी सॉकेट, म्हणजे दोन प्रोग्राम्समधली नेटवर्कची जोडणी. तिथे संदेशाची हद्द कुठे संपते हे कळत नाही, म्हणून आधी ४ बाइटमध्ये लांबी पाठवू लागलो. लांबी १ पाठवली तर पायथॉनला १६७७७२१६ दिसायची. बाइट्सचा क्रम उलटा, दुसरं काय! तेही निस्तरलं.

आता खरी अडचण. १९२० × १०८० ची रंगीत फ्रेम म्हणजे साधारण ६.२ एमबी, सेकंदाला ३० फ्रेम्स. जेसनमध्ये घालायला फ्रेमचे बाइट्स बेस६४ने अक्षरांत बदलले की आकार आणखी एक तृतीयांशाने फुगतो, त्यामुळे जेसन बाद. शेअर्ड मेमरी (दोन्ही प्रोग्राम्सना वाचता येणारी सामायिक मेमरी) वापरून पाहिली, वेग झकास आहे. पण पायथॉनची प्रोसेस बंद केली की सी++ ने तयार केलेला मेमरीचा तुकडाच नाहीसा होतो आणि पुन्हा जोडता येत नाही. अनलिंक (तो तुकडा काढून टाकणारं फंक्शन) मी कुठेही बोलावलेलं नाही. पायथॉन ३.१० आहे.

हे कसं थांबवायचं? आणि नवी फ्रेम तयार झाल्याची खूण पायथॉनला कशी द्यावी, सेमाफोरने (प्रोसेसमध्ये इशारा देणाऱ्या सामायिक गणकाने) की छोट्या सॉकेटने? प्रत्यक्ष वापरलेल्यांनी कृपया सांगा.