पॅकेट 'गहाळ' होतं की 'गळतं'?

आगरातला (गुहागर): एक लेख मराठीत आणतोय. संगणकांच्या जाळ्यात पॅकेटं (माहिती पाठवताना तिचे करतात ते छोटे तुकडे) नेमकी कुठल्या टप्प्यावर हरवतात, हे मधल्या राउटरना न विचारता, फक्त टोकांवरच्या मोजणीतून कसं काढायचं, असा विषय. 'पॅकेट लॉस'ला मी 'पॅकेटगळती' लिहिलं. संपादकबाई म्हणतात, गळतं ते पाणी, पॅकेट 'गहाळ' होतं. आमच्याकडे मोहोर गळतो, शाळेतली पोरंही गळतात. काय ठेवू?

खाडीपलीकडे: 'गहाळ'मध्ये कुणाचा तरी हलगर्जीपणा आला. चावी गहाळ होते, फाईल गहाळ होते. राउटरची रांग भरली की तो पुढचं पॅकेट टाकून देतो. एसटी भरली आणि कंडक्टरने डबल बेल मारली, तर स्टँडवर राहिलेला माणूस 'गहाळ' झाला म्हणाल का?

व्याकरणवेडा: मुळात 'पॅकेट' कशाला? 'पुडकेनाश' म्हणा.

सड्यावरची: पुडकेनाश! वाण्याच्या दुकानाला आग लागल्यासारखं वाटतं.

मालवणचो झील: आमच्यात सरळ म्हणतत, "पाणी खंय तरी मुरता." मुरता ता दिसणा नाय, खाली पाट सुको दिसता.

आगरातला: झिला, अगदी हेच! फक्त पाटाचं पाणी थोडं थोडं कमी होतं, पॅकेट मात्र एक तर पोचतं नाही तर नाही. म्हणून मी लेखात निरोपाचं उदाहरण घेतलंय. शिमग्यात देवळातून निरोप निघतो, तिठ्यावर त्याचे दोन होतात, एक वरच्या वाडीत, एक खालच्या. मल्टिकास्ट म्हणजे हेच, फाट्यावर प्रत निघते. समजा १००० निरोप निघाले. वर ७२० पोचले, खाली ८१०, वरही आणि खालीही पोचलेले ६४८. जो वर पोचला तो तिठ्यापर्यंत आला होता हे नक्की. अशा ७२० पैकी ६४८ खालीही पोचले, म्हणजे खालच्या वाटेवर दहातले नऊ टिकतात. मग खाली ८१० पोचायला तिठ्यावर ९०० आले असणार. देवळापासून तिठ्यापर्यंत १०० गेले! तिठ्यावर कुणालाही उभं न करता कळलं.

खाडीपलीकडे: दोन्ही वाटांचा एकमेकींशी संबंध नसेल तरच हं. आमच्याकडे जुलैत एक झाड पडलं की दोन्ही वाड्यांचं इंटरनेट एकदम जातं. बाकी हे गणित माशांचं आहे. पकडायचे, खूण करून सोडायचे, पुन्हा पकडायचे आणि खुणेचे किती सापडले त्यावरून एकूण मासे काढायचे. डेन्मार्कच्या पेटरसनचं नाव आहे त्याला.

सड्यावरची: मग दोन शब्द ठेवा ना. टोकाला दिसते ती 'तूट', आत कुठे तरी होते ती 'गळती'. तुमचा सगळा लेख तुटीवरून गळती शोधण्याचाच आहे.

आगरातला: वा. आता दुसरी अडचण. १९९६ मध्ये संख्याशास्त्रज्ञ वार्डी यांनी याच जातीच्या गणिताला 'नेटवर्क टोमोग्राफी' म्हटलं. टोमोस म्हणजे ग्रीकमध्ये काप. 'जाल-छेदचित्रण' लिहू?

व्याकरणवेडा: उत्तम!

सड्यावरची: भयंकर. सीटी स्कॅनला गावात कुणी छेदचित्रण म्हणतं का? शिवाय इथे कापायचं काहीच नाही, अनुमान काढायचंय. धूर दिसला, आग असणार.

व्याकरणवेडा: निदान 'अंदाज' तरी लिहू नका, फारसी आहे.

खाडीपलीकडे: फारसी काढली तर कागदही जाईल, लेख कशावर छापणार? आणि अंदाज 'बांधतात', अनुमान 'काढतात'. फरक असा वापरातच असतो.

मालवणचो झील: 'जाल' कित्याक? जाळा म्हणा. आणि जाळा म्हणजे रापण! दोनय टोकांक माणसा दोर ओढतत, पाण्यात काय आसा ता हाताक कळता.

खाडीपलीकडे: रापणीत मधे फाटे कुठे आहेत? फार तर डोल म्हणा.

मालवणचो झील: डोलीक टोका खंय? ती खुंट्यांक बांधून ठेवतत. तुमी कधी रापण ओढल्यात?

सड्यावरची: मी ओढलीय. हाताला दोर कळतो, मासे नाही. आमचे काका शेवटपर्यंत "बांगडो आसा" म्हणत होते, निघालं सगळं शेवाळ.

आगरातला: मंडळी, बाईंना उद्या सकाळी लेख द्यायचाय. गळती की गहाळ?

मालवणचो झील: शेवाळ नाय ता. त्येका आमच्यात दुसरो शब्द आसा, आवशीक विचारून सांगतंय.