दाढीचं मशीन बॅगेतच सुरू होतं, जाळीही दबली. फिरतीवर तुम्ही कसं सांभाळता?

अमळनेरचा_एमआर

मंडळी, मी औषध कंपनीत एमआर, म्हणजे डॉक्टरांना कंपनीची औषधं सांगत फिरणारा. घर अमळनेरला, महिन्यातले पंधरा दिवस फिरती: धुळे, शिरपूर, दोंडाईचा, शहादा, नंदुरबार. रेझर लावला की मानेवर पुळ्या उठतात, म्हणून दोन वर्षांपूर्वी जाळीवालं इलेक्ट्रिक शेव्हर घेतलं. घरी गुण्यागोविंदाने चालतं. बाहेर निघालं की त्याच्या अंगात येतं.

पहिला प्रसंग जानेवारीतला. धुळे-शिरपूर एसटी, बॅग वरच्या कॅरियरवर. सोनगीर सुटल्यावर वरून घर्रर्र सुरू झालं. एसटीत काही ना काही खुळखुळतच असतं, कोणी लक्ष दिलं नाही. नरडाण्याला गाडी थांबली, इंजिन बंद झालं, आणि आवाज मात्र चालूच. कंडक्टर ओरडला, "हाई कोनी बॅगमा काय वाजी ऱ्हायनं रे भो?" उठलो. सगळ्या गाडीसमोर बॅग उघडली. आधी सॅम्पल निघाले, मग बनियन, मग टॉवेल, आणि तळाला हे महाशय. पुढच्या सीटवरची आजी म्हणाली, "दाढीनं मशीन शे का! माले वाटनं भवरा शिरना." शिरपूर येईपर्यंत बॅटरी संपलेली, चार्जर घरी. दोन दिवस खुंट वाढवून डॉक्टरांकडे फिरलो.

दुसरा मागच्या आठवड्यातला. बॅगेत कळण्याच्या भाकरीचा स्टीलचा डबा होता. शेव्हरची प्लास्टिकची टोपी कधी निघाली कळलं नाही, डब्याची कड नेमकी जाळीवर बसली. तांदळाच्या दाण्याएवढा खड्डा. आतून अंगठ्याने ढकलून सरळ केला (हसू नका) आणि तसंच वापरलं. हनुवटीखाली तीन ओरखडे. शहाद्याच्या बालरोगतज्ज्ञांनी विचारलं, "मांजर पाळलं का?"

कापडी पाऊच झाला, टॉवेलमध्ये गुंडाळून झालं. माझ्या मॉडेलची कडक केस इकडे कुठे मिळेना. पुढच्या महिन्यात कंपनीच्या मीटिंगला विमानाने जायचंय, त्याचंही सांगा.

रिपेअरवाला_जळगाव

दादा, आधी ती जाळी बदला, बाकीचं नंतर. ती वहीच्या कागदापेक्षा पातळ असते आणि आतली पाती तिला आतून सतत घासत असतात. खड्डा पडला की तिथे पातं जास्त घासतं, जाळी तापते, झिजते आणि चिरते. चिरलेली कड म्हणजे ब्लेडच, ते तुमच्या हनुवटीला कळलंय. ढकलून सरळ झालेली जाळी मी तीस वर्षांत पाहिली नाही. पातीही बघा, दबलेल्या जाळीखाली चालवलं असेल तर त्यांचीही धार गेलेली असते. सेटच घ्या.

आता बटण. त्या मशीनला ट्रॅव्हल लॉक असण्याची शक्यता बरीच आहे. बटण तीन-चार सेकंद दाबून धरा, कुलपाचं चिन्ह लागलं किंवा दिवा लुकलुकला की लॉक झालं. पुन्हा तसंच धरलं की उघडतं, बऱ्याच मशीनमध्ये चार्जरला लावलं तरी उघडतं. माझ्याकडे महिन्यात एक तरी गिऱ्हाईक "मशीन मेलं" म्हणून येतं, मी बटण धरून ठेवतो, मशीन सुरू. पैसे कसले घेणार? चहा पाजतात. सरकवायचं बटण असेल आणि लॉक नसेल तर तिथे चिकटपट्टी लावा. पेन्सिल सेलवालं असेल तर सेल काढून ठेवा, कितीही दबलं तरी चालू होणार नाही.

आणि धुऊन लगेच बॅगेत कोंबू नका. पाणी आत राहिलं की वास धरतो, पाती जड चालतात. सकाळी धुतलं की मुंडी काढून लॉजच्या खिडकीत ठेवा, निघताना लावा. साबणाने धुत असाल तर वाळल्यावर जाळीवर शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब. एकच. एकाने खोबरेल घातलं होतं, थंडीत गोठून बसलं.

भुसावळचे_आप्पा

रेल्वेतून रिटायर झालो, आयुष्य बॅगेवर गेलं. रिपेअरवाल्यांनी उन्हाचं सांगितलं नाही. बहुतेक शेव्हरच्या पुस्तिकेत चार्जिंग 35 अंशांपर्यंतच करा असं असतं. आपल्याकडे मे महिन्यात नाश्त्याच्या वेळेलाच तेवढं होतं! म्हणून आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) गावी जाताना मी रात्री उशिरा किंवा पहाटे चार्ज करतो. आणि कार उन्हात उभी करून मशीन आत ठेवायचं नाही, लिथियम बॅटरी उन्हाने म्हातारी होते. रेल्वेत चार्ज करणार असाल तर चार्जरवरचं बारीक अक्षर वाचा. जुन्या स्लीपर डब्यांत सॉकेटवर 110 व्होल्ट लिहिलेलं असायचं. चार्जरवर 100-240 असेल तर काळजी नाही. चार्जर सॉकेटमध्ये विसरून उतरणारे मात्र रोज पाहिलेत.

केळीवाला_रावेर

केस कशाला विकत घेता? ठिबकवाल्याकडे जा आणि 75 एमएम पीव्हीसीचा तुकडा मागा, ठिबकच्या सबमेन लाइनचा उरलेला कुठेही पडलेला असतो. शेव्हरपेक्षा दोन बोटं लांब कापा. दोन्ही टोकांना एंड कॅप. एक सोल्युशनने पक्की करा, दुसरी नुसती बसवा. ती फार घट्ट बसते, म्हणून पाइपची कड पॉलिश पेपरने घासा, नाहीतर पहाटे लॉजवर दात लावून ओढावी लागेल. तळाला जुन्या सॉक्सचा बोळा. बाजूने ड्रिलने चार-पाच भोकं पाडा, नाहीतर वर सांगितलेला वास येईल. माझी नळी ट्रॅक्टरच्या टूलबॉक्समध्ये पान्यांबरोबर वर्षभर हिंदकळतेय, जाळीला ओरखडा नाही.

तीन गोल मुंड्यांचं मशीन असेल तर आधी मापून घ्या, त्याचं डोकं रुंद असतं.

शिरपूरना_भाचा

भाऊ, वाचीसन हासी हासी पोट दुखनं. मामा, दाढीच वाढाव ना!

पुण्यात_पण_पारोळ्याचा

पाइपची आयडिया भारी, पण विमानतळावर ती नेऊ नका. दोन्हीकडून बंद पाइप, आत बॅटरी आणि मोटर. स्क्रीनवर ते कसं दिसेल विचार करा आणि मग सीआयएसएफच्या जवानाला "साहेब, दाढीचं आहे" हे समजावत बसा.

शेव्हर हातातल्या बॅगेत नेता येतं. चेक-इनमध्ये टाकलंत तर पूर्ण बंद आणि लॉक केलेलं हवं. वेगळी सुटी लिथियम बॅटरी आणि पॉवर बँक मात्र हातातल्याच बॅगेत, चेक-इनमध्ये चालत नाही. विमानापुरती गॉगलची मोठी कडक डबी वापरा. फक्त झाकण लावल्यावर ते जाळीला टेकत नाही ना, ते बघा. टेकत असेल तर त्या डबीत आणि तुमच्या भाकरीच्या डब्यात फरक काय?

अमळनेरचा_एमआर

सगळ्यांचे आभार. माझ्या मशीनला लॉक आहे! दोन वर्षं मशीन हातात आहे आणि बटण तीन सेकंद धरून कधी पाहिलंच नव्हतं. पुस्तिका बायकोने जपून ठेवली होती, पान चारवर चित्रासकट दिलंय. जाळी-पात्यांचा सेट अकराशे चाळीसला पडला, ते कंपनीच्या रोजच्या रिपोर्टात (डीसीआर) कुठे दाखवायचे ते बघतो.

पाइपही केला. मेहुण्याच्या शेतातला तुकडा, 75 एमएम. एंड कॅप पहिल्या दिवशी खरंच निघेना, गरम पाण्यात धरून काढली, मग कड घासली. काल दोंडाईच्याला मेडिकलवाल्यासमोर बॅग उघडली, नळी दिसली. तो म्हणाला, "काय साहेब, ठिबकचं पण काम घेतलं का? आमच्या दोन एकरांचं बघा ना."