प्रतीकांमुळे दुःख खोटं होतं का?

कथेत प्रतीकं आली की दुःख सजावटीचं होतं, हा मुद्दा मला मुळीच पटत नाही. रशियन लेखक दस्तयेव्हस्कीची ‘द ब्रदर्स कारामाझोव्ह’ ही कादंबरी घ्या. १८७८ मध्ये त्याचा तीन वर्षांचाही न झालेला मुलगा अल्योशा गेला. त्यानंतर तो ऑप्टिना मठात जाऊन आला. कादंबरीत झोसिमा या वृद्ध साधूपुढे रडणाऱ्या आईचं गेलेलं मूलही त्याच नावाचं, तेवढंच. तुझं बाळ देवाजवळ आहे, असं झोसिमा सांगतो खरा. पण तिला रडूही देतो. हे मला फार मोलाचं वाटतं.

आणि तो पावाचा तुकडा! माझ्या थडग्यावर पाव कुस्करून टाका, चिमण्या येतील, मला एकटं वाटणार नाही, असं कादंबरीतल्या इल्यूशा या मुलाने मरण्याआधी बापाला सांगून ठेवलेलं असतं. अंत्ययात्रेत बाप दचकून थांबतो, पाव विसरलो की काय म्हणून. तो खिशातच असतो. यात सजावट कुठे आहे?

झोसिमाच्या मृतदेहाला दुर्गंधी सुटते आणि चमत्काराची आस लावून बसलेला त्याचा तरुण शिष्य, कादंबरीचा नायक अल्योशा (हाही त्याच नावाचा) हादरतो, तो भाग तर याहून धारदार. प्रतीकं कृत्रिम वाटणाऱ्यांनी तो जरूर वाचावा आणि मग आपलं मत सांगावं.