अनुभव धागा: मुलांसाठी यमकांचं चित्रपुस्तक केलंय का?

कोल्हापुरात घरोघरी कुणी ना कुणी पोरांसाठी गाणी जुळवतं, कुणी चित्रं काढतं. त्याचं पुस्तक केलं असेल, मग ते छापील असो, हाताने शिवलेलं असो की फोनवर पाठवलेलं, तर अनुभव सविस्तर लिहा. सुरुवात मी करते.

माझं पुस्तक म्हशीचं. दिवाळी पाडव्याला आपल्याकडे म्हशी सजवून मिरवतात, शिंगं रंगवतात, मोरपिसं लावतात, तेच घेतलं. पहिल्या पानावर लिहिलं होतं:

म्हैस निघाली नटून-थटून,
रेडकू बसलं कोपऱ्यात हटून.

मला हे एकदम झकास वाटत होतं. पहिलीतल्या भाच्याला वाचायला दिलं. ‘कोपऱ्यात’वर बोट थांबलं. ‘ऱ्या’ कसा वाचायचा हेच त्याला कळेना. दोनदा अडखळला, मग चित्राकडे बघत आपल्या मनानंच म्हणाला, “रेडकू बसलं हटून-हटून!” टाळी धरून म्हणून बघितलं. चार टाळ्यांत ओळ चपखल बसली. माझ्या ओळीत एक शब्द जास्तीचा होता आणि तो चित्रात आधीच होता: कोपरा, दावं, तोंड फिरवून बसलेलं रेडकू. त्या दिवशी अख्खं हस्तलिखित घेऊन बसले आणि चित्रात दिसणारा प्रत्येक शब्द खोडला. सोळा पानांतल्या अकरा ओळी बदलल्या. आता कुणी विचारलं तर एवढंच सांगते, छापायच्या आधी ओळ स्वतः म्हणू नका, पोराला वाचायला द्या आणि त्याचं बोट कुठं थांबतं ते बघा.

राजारामपुरी, चित्रं काढणारा

मी जोतिबाच्या यात्रेवरचं पुस्तक केलं. सगळी चित्रं टॅबवर. गुलालाचा गुलाबी स्क्रीनवर असा पेटलेला होता की बघत राहावं! छापून आला तो विटक्या जांभळट रंगात. पोटात गोळाच आला. स्क्रीन प्रकाशातनं रंग दाखवते, छपाई चार शाईंतनं, आणि तसला झगझगीत गुलाबी त्या चार शाईंत बसतच नाही. पहिल्यापासून सीएमवायकेमध्ये, म्हणजे याच चार शाईंच्या रंगपद्धतीत काम करा आणि एका पानाचं प्रूफ, म्हणजे नमुना छपाई, त्याच कागदावर काढून घ्या. माझी दुसरी चूक पानांची. मधे पिन मारायच्या पुस्तकाला पानं चारच्या पटीत लागतात, माझी झाली होती अठरा. शेवटी दोन कोरी पानं जोडून वर लिहिलं, “तुझी सासनकाठी इथं काढ.” (यात्रेत नाचवतात ती उंच सजवलेली काठी.) पोरांनी त्याच पानांवर सगळ्यात जास्त रंग सांडलाय, आणि मला ती पानं फार आवडतात.

अजून एक. मजकूर जुन्या फॉन्टमधनं युनिकोडमध्ये आणताना जोडाक्षरं फुटतात. प्रत्येक ओळ डोळ्यांनी तपासा.

मंगळवार पेठ, आजी

माझं पुस्तक भिंतीवरच्या कॅलेंडरच्या पाठीमागं केलेलं. बारा पानं, वर सुतळी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेला पूर आला तेव्हा जवळच्या शाळेत पूरग्रस्तांना ठेवलं होतं. चिखली-आंबेवाडीकडची माणसं होती. भाकरी घेऊन गेले, तसं हे पुस्तकही नेलं. पान मोठं, त्यामुळं मागं बसलेल्या पोरांनाही चित्र दिसायचं. बेडकाचं गाणं होतं, “डराव डराव, पाऊस आला”. तिथं पोचल्यावर ते म्हणवेना. ज्यांचं घर पाण्यात आहे त्यांच्यापुढं पावसाचं कौतुक कसं करायचं? ते पान उलटलं आणि गुऱ्हाळाचं गाणं घेतलं. गरम काकवी बोटानं चाटायची खूण केली की पोरं पण बोट चाटायची. एका मुलीनं सुतळी हातात धरून ठेवली, सोडेचना. पुस्तक तिलाच दिलं. मग घरी येऊन दुसरं केलं.

शाहूपुरी, शिक्षिका

आमची पीडीएफ व्हॉट्सअॅपवर फिरली, पण कुणीतरी नावाचं पान काढून टाकलं होतं. शब्द माझे, चित्रं मैत्रिणीची, आणि तिचं नाव कुठंच नाही. मला तिच्यापुढं जाववेना. नव्या आवृत्तीत प्रत्येक पानाच्या तळाशी दोघींची नावं टाकली. मग प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या मुलांच्या पुस्तकांच्या संकेतस्थळावर ठेवलं. तिथं क्रिएटिव्ह कॉमन्स परवाना असतो, म्हणजे कुणीही छापावं, भाषांतर करावं, पण श्रेय द्यावंच लागतं. छापील आवृत्तीसाठी आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक हवा असेल तर दिल्लीच्या राजा राममोहन रॉय संस्थेकडून मिळतो, फी नाही.

रंकाळा, चार वर्षांच्या मुलाची आई

आमच्या घरच्या पुस्तकात यमक पान उलटल्यावर येतं.

रंकाळ्यावर आला बगळा,
चिवडा खाऊन टाकला…

पुढच्या पानावर रिकामा कागदाचा पुडा आणि एकच शब्द: सगळा! पहिल्यांदा मी वाचलं. दुसऱ्या दिवशी तो माझ्या आधी ओरडला. आता पानावर तळहात दाबून बसतो, मला उलटूच देत नाही. आधी शब्द, मगच पान.